वीकनच्या प्रश्नात शेवटचे दोन पर्याय उरतात तेव्हा

तुमची अडचण मला अशी कळली: जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या सीआरमध्ये (क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे छोट्या उताऱ्यातला तर्क तपासणारे प्रश्न) कारण-परिणामाचा वीकन प्रश्न, म्हणजे तर्क कमकुवत करणारा पर्याय निवडायचा प्रश्न, आला की पाचातले तीन पर्याय झटकन बाद होतात, पण उरलेल्या दोनांत नेमका चुकीचा निवडला जातो. शिवाय 'उलटं कारण' (ज्याला परिणाम म्हटलंय तेच कारण असणं) कधी लावायचं ते उमगत नाही. मीही बरेच महिने याच जागी अडकलो होतो. माझ्या मते घोटाळा पर्यायांत होत नाही, तो उतारा वाचतानाच झालेला असतो.

उताऱ्यात एक असतं घडलेलं आणि दुसरं असतं ते कशामुळे घडलं याबद्दल लेखकाचं म्हणणं. घडलेलं निमूट मान्य करायचं. आकडे खोटे असतील, पाहणी नीट केली नसेल, असल्या शंका काढत बसायचं नाही. आपलं भांडण फक्त 'त्यामुळे' या एका शब्दाशी. उतारा संपला की पर्याय न बघता स्वतःला विचारा: हेच दुसऱ्या कशाने झालं असेल का?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण परीक्षेत 'योगायोग असेल' एवढ्यावर भागत नाही. फांदी आधीच कुजली होती, असं सांगणारा पर्याय शोधायचा असतो.

मी रचलेला एक प्रश्न बघा. गेल्या वर्षी सर्वाधिक अपघात झालेल्या 20 चौकांत महापालिकेने कॅमेरे बसवले. यंदा तिथले अपघात 30 टक्क्यांनी घटले. म्हणजे कॅमेऱ्यांच्या धाकाने वाहनचालक सावध झाले. हा तर्क कशाने सर्वांत कमकुवत होईल?

अ) कॅमेऱ्यांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला.
ब) कॅमेरे बसवल्याचं काही वाहनचालकांना माहीत नव्हतं.
क) शहरातल्या बिनकॅमेऱ्याच्या चौकांतही अपघात तेवढ्याच प्रमाणात घटले.
ड) दुसऱ्या एका शहरात कॅमेरे बसवूनही अपघात घटले नाहीत.
इ) कॅमेऱ्यांमुळे दंडाची वसुली वाढली.

अ आणि इ वर वेळ घालवू नका. ब मोहात पाडतो, आणि तुमचा चुकीचा पर्याय बहुधा याच जातीचा असतो. 'काही' म्हणजे किती? अगदी दोघेच असू शकतात. बाकीचे सावध झाले असतील तरी अपघात घटणारच. ड थोडा ओरखडा काढतो, पण तिथले रस्ते वेगळे, कदाचित कॅमेरे बंदही असतील. क मात्र मुळावरच येतो: याच शहरात, याच वर्षी, कॅमेऱ्याशिवाय तेवढीच घट झाली. मग कॅमेऱ्याच्या वाट्याला श्रेय उरलं किती?

आता क काढून त्याजागी असं लिहा: 'त्या 20 चौकांत गेल्या वर्षाच्या आधीच्या चार वर्षांत दर वर्षी साधारण यंदाइतकेच अपघात झाले होते.' हाही तितकाच जोरदार पर्याय. चौक निवडलेच मुळी सर्वांत वाईट वर्ष बघून, म्हणजे पुढच्या वर्षी आकडा नेहमीच्या पातळीवर येणं साहजिक. 'सर्वाधिक', 'सर्वांत कमी' अशा निकषावर निवड केलेली दिसली की मी तिथेच थांबतो. या खोचेचे प्रश्न क्लासमध्ये फारसे घेत नाहीत, का कोण जाणे.

स्ट्रेंदनसाठी, म्हणजे तर्क बळकट करणाऱ्या पर्यायासाठी, मला जॉन स्नोचं उदाहरण आवडतं. कॉलरा दूषित हवेने होतो असं तेव्हा बहुतेक जण मानत, तो पाण्यातून पसरतो असं या इंग्रज डॉक्टरचं म्हणणं होतं. 1854 साली लंडनच्या सोहोमध्ये कॉलरा पसरला, ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला आणि साथ थांबली, अशी गोष्ट सांगतात. वीकन करायला सोपी आहे: दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, बरेच लोक वस्ती सोडून गेले होते. स्नोचा खरा पुरावा वेगळाच. पंपाजवळच्याच ब्रुअरीतले (बिअरच्या कारखान्यातले) कामगार जवळपास बचावले, कारण ते बिअर पीत आणि ब्रुअरीची विहीर स्वतंत्र होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. वस्ती तीच पण पाणी नाही, तर आजारही नाही. वस्ती वेगळी पण पाणी तेच, तर आजार तिथेही. दूषित हवेचं स्पष्टीकरण या दोन्ही ठिकाणी लंगडं पडतं. स्ट्रेंदनचा चांगला पर्याय हेच करतो, दुसऱ्या कारणाची वाट बंद करतो.

आता उलट्या कारणाबद्दल. 'रोज बागेत तासभर चालणारे ज्येष्ठ नागरिक कमी आजारी पडतात, म्हणून चालण्याने आजार टळतात.' अहो, ज्याचे गुडघेच धरलेत तो बागेत येईल कसा? धडधाकट आहेत म्हणून चालतायत, असंही असेल. पण हे अस्त्र चालवण्याआधी क्रम बघा. 'चालायला सुरुवात करताना सगळ्यांची प्रकृती सारखीच होती' असं उताऱ्यात असेल तर ही वाट बंद. कॅमेऱ्याच्या प्रश्नातही ती बंदच आहे, यंदाची घट मागे जाऊन कॅमेरे बसवू शकत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी मोजलेल्या असतील तेव्हाच उलटून बघा.

आणि लोकांनी स्वतःहून निवडलेली गोष्ट असेल तर ती निवड आणि परिणाम या दोन्हींच्या मागचं तिसरं कारण हुडका. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांवरून बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिकेत सोळा हजारांवर स्त्रियांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी घेतली. 2002 मध्ये तिचा निकाल आला आणि चाचणीत दिलेल्या दोन हार्मोनच्या जोडगोळीने हृदयविकाराचा धोका उलट किंचित वाढल्याचं दिसलं. आधीच्या पाहण्यांत हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या असण्याची शक्यता जास्त होती.

वेळेची फार धास्ती घेऊ नका. सीआर ज्यात येतो त्या व्हर्बल विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटांच्या आत. 'दुसरं कारण काय' यात दहा-पंधरा सेकंद जातात, पण दोन पर्यायांत हेलपाटे घालण्यात त्याहून जास्त जातात.

पुढच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) चुकलेला प्रश्न इथे टाकाल तेव्हा पर्याय वाचण्याआधी तुम्हाला काय सुचलं होतं तेही लिहा. काहीच सुचलं नसेल तर तसं लिहा, मग आपण उताऱ्यापासून बघू.