पणजोबांचा हस्तिदंती प्याला विकता येईल का?

वसईच्या एका ताईंनी विचारलंय. वडील दीड वर्षापूर्वी गेले, कपाट आवरताना पणजोबांच्या काळापासून घरात असलेला झाकणाचा प्याला निघाला, अंगावर मारिया आणि बाळ येशू, भोवती देवदूत, सगळं हस्तिदंतात कोरलेलं, आणि बूड, कडी, झाकण चांदीचं, त्यावर सोन्याचा मुलामा. एक अँटिकवाला नुसत्या फोटोवर रोख द्यायला तयार झालाय, लंडनचा भाऊ म्हणतो बॅगेत घालून पाठव, इथे ऑक्शनला लावतो, बहीण म्हणते मला माझा हिस्सा पैशात द्या. मृत्युपत्र नाही, प्याल्याचा कागद एकही नाही.

ताई, आधी त्या अँटिकवाल्याला "विकायचं नाहीये" असं आजच कळवा, मग पुढचं वाचा. आणि भाव काढायला म्हणून आणखी कोणाला फोटो पाठवू नका, कारण कायद्यात नुसती विक्रीच नाही तर विक्रीला काढणंसुद्धा बंद आहे.

"शंभर वर्षं जुना आहे, मग काय हरकत?" हे मला दर दुसरा माणूस विचारतो. हरकत आहे. बाहेरच्या काही देशांत जुन्या वस्तूला सूट असते, आपल्याकडच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये वयाची सूट नाही. हत्ती 1977 पासून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. आता कोणीतरी शहाणा सांगेल की गोव्याच्या बाजूचं असलं काम बरंचसं आफ्रिकेतून आलेल्या दातावर व्हायचं, आपल्या हत्तीचा कायदा त्याला कसा लागेल. ती पळवाट 1991 च्या दुरुस्तीने बुजवली, बाहेरून आलेला हस्तिदंत आणि त्याच्या वस्तू सगळं आत घेतलं. नंतर व्यापारी म्हणाले आमचा दात हत्तीचा नाही, मॅमथचा आहे, तर सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये बलराम कुमावत प्रकरणात सांगितलं की हस्तिदंत म्हणजे हस्तिदंत, मॅमथचा असला तरी.

आता तुमच्या बाजूचं. वनविभागाचं मालकी प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू मिळवता किंवा ठेवता येत नाही, पण कलम 40 (2अ) मध्ये वारसाहक्काचा अपवाद आहे, त्यात तुम्ही बसता. फक्त वारसाने मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यायचं असतं, ते तुमचं राहून गेलं. म्हणून गप्प बसायचं का, तर नाही, कारण कलम 57 प्रमाणे वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती कायदेशीर आहे हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद, दंड कमीत कमी 25 हजार. उशिरा का होईना, स्वतःहून कळवलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्यात कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उशीर माफ होईलच अशी खात्री मी देणार नाही, अर्ज मात्र वकिलाकडूनच करून घ्या, उशिराचं कारण खरं लिहा, नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), हेच आपले मुख्य वन्यजीव रक्षक, यांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

त्याआधी घर पुन्हा एकदा उलटंपालटं करा. 2003 मध्ये सरकारने 180 दिवसांची मुदत देऊन लोकांकडून घोषणा घेतल्या होत्या, वडिलांनी तेव्हा केली असेल तर अर्धं काम झालं, ट्रंकेत, लाईट बिलांच्या फायलीत, कुठेही असू शकतं. ते नाही मिळालं तर जुने फोटो शोधा, एखाद्या लग्नात किंवा घरच्या वेदीवर मागे हा प्याला दिसतोय का बघा. आणि तो खरंच हस्तिदंत आहे ना? हाडावर बारीक काळपट ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. गरम सुई टोचायचा उद्योग करू नका हं, नक्षी जाईल.

भावाला सांगा, बॅग विसर. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरावशेष, 1972 च्याच दुसऱ्या कायद्याप्रमाणे (पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम) ती देशाबाहेर नेणं फक्त केंद्र सरकारच्याच हातात, मोडलं तर 6 महिने ते 3 वर्षं, वर वन्यजीव कायदा आणि कस्टम्स आहेतच. तिकडे ब्रिटनमध्येही हस्तिदंताच्या व्यवहारावर बंदी घालणारा 2018 चा आयव्हरी ॲक्ट जून 2022 पासून लागू झालाय, सूट मोजक्याच वस्तूंना आहे, असल्या प्याल्याला ती मिळायची तर तो 1918 पूर्वीचा आणि अगदी असामान्य असायला हवा आणि तीसुद्धा सर्टिफिकेट काढून.

बहिणीचा मुद्दा जरा नाजूक. मृत्युपत्र नसल्यामुळे ख्रिस्ती घरांना लागणाऱ्या भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 प्रमाणे आई असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेलं तुम्हा भावंडांत सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. पण या प्याल्याची किंमत धरून "मी ठेवते, तुला एवढे लाख" असं वाटणीपत्रात लिहाल तर वन्यजीव कायद्याच्या कलम 43 चा प्रश्न उभा राहू शकतो, कारण तिथे विक्रीच्या जोडीला व्यापारी स्वरूपाचा कोणताही मोबदला बंद आहे. वाटणीत तो एकीच्या वाट्याला येऊ दे, आकडा न टाकता. जो बाजारात विकताच येत नाही त्याचा बाजारभाव तरी कुठून आणणार, हे बहिणीला शांतपणे सांगा.

मेसेजच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, चांदी सोडवून तेवढीच विकली तर? चांदी जोडलेली आहे तोवर अख्खा प्यालाच कायद्याच्या भाषेत प्राण्यापासूनची वस्तू. सोडवल्यावर चांदीचं सोनाराकडे काय येईल ते येईल, पण तेव्हा वस्तूचं वय आणि घराणं सांगणारा पुरावा तुम्हीच मोडलेला असेल आणि बिनझाकणाचा हस्तिदंत तुमच्याकडेच राहील. मी तर नाही म्हणेन.

प्रमाणपत्र मिळालं आणि पुढे सांभाळणं नकोच वाटलं तर वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 42अ प्रमाणे 7 कामाच्या दिवसांची नोटीस देऊन सरकारजमा करता येतं, मोबदला शून्य. त्यापेक्षा सार्वजनिक म्युझियमला बिनपैशात द्यायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी मागा. तोवर प्याला घरातच कुलपात, लॉकरलाही नको, आणि पुढच्या मेसेजमध्ये वडील गेल्याची नेमकी तारीख तेवढी कळवा, 90 दिवस तिथूनच मोजायला लागतात.