डोळे मिटले की तोल का जातो?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. एरवी नीट चालतात, पण तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते. कानाचा दोष असेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : आधी पायांकडे पाहा. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू, सांधे, तळवे अशा तीन ठिकाणांहून खबर मिळते. मधुमेहात पायांच्या लांब नसा आधी बिघडतात. बी-१२ कमी पडलं तरी हीच खबर अडते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी ते तपासून घ्यावंच. डोळे उघडे असेपर्यंत उणीव झाकली जाते, मिटले की उघडी पडते.

पडताळा घरी घेता येतो. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर खुर्ची, शेजारी एक धडधाकट माणूस. अनवाणी पायांनी पावलं जुळवून ३० सेकंद डोळे उघडे ठेवून उभं राहायचं, मग ३० सेकंद मिटून. थोडं डोलणं सगळ्यांचंच होतं. डोळे मिटल्यावरच पाऊल टाकावं लागलं, तर फिजिशियनला दाखवा. ते १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन कळतं का ते पाहतील. डोळे उघडे असतानाही उभं राहता येत नसेल, तर लहान मेंदूचीही तपासणी हवी.

तोवर एक साधा उपाय : तोंड धुताना एका हाताचं बोट बेसिनच्या कडेला टेकलेलं ठेवायचं. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की बोटाचा भार १०० ग्रॅमहून कमी असला तरी डोलणं घटतं. एवढ्या भाराने शरीर पेलत नाही. पण आपण कुठे कलतोय ही खबर बोटातून मेंदूला मिळते. काठीचाही निम्मा उपयोग हाच, म्हणून ती वापरायला लाजू नये. जाड, मऊ तळाच्या चपला मात्र बंद करा, त्या तळव्यांची उरलीसुरली खबरही दाबतात. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा हवाच.

प्रश्न : आईला कूस बदलताना खोली गरगर फिरते. मानेच्या मणक्यांचं दुखणं म्हणून पट्टा दिलाय, चक्करच्या गोळ्या तीन महिने चालू आहेत. (वाचक, नाशिक)

उत्तर : कूस बदलताना येणारी, मिनिटभरात थांबणारी गरगर बहुतेक वेळा कानातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे असते. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, शिरतात. पट्ट्याने ते हलणार नाहीत. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या लांबवल्या तर मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं आणि वयस्कांत हातापायांना कंपही सुटू शकतो. डॉक्टरांना विचारून त्या कमी करा.

उपाय एप्ली पद्धतीचा, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण नलिकेबाहेर काढण्याचा. पहिल्यांदा तो कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच करून घ्या; कोणता कान, हे ठरल्याशिवाय उपयोग नाही. उजवा कान असेल तर पलंगावर पाय पसरून बसायचं, खांदे टेकतील तिथे उशी. मान ४५ अंश उजवीकडे वळवून तसंच चटकन मागे आडवं व्हायचं, डोकं उशीपलीकडे किंचित खाली. गरगर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद थांबायचं. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढाच वेळ. त्यानंतर डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी त्याच कुशीवरून उठून बसायचं. फसतं ते दोन ठिकाणी : वळताना डोकं वर उचललं जातं, किंवा घाबरून मध्येच उठलं जातं, मग कण मागे परततात. मानेचा गंभीर त्रास किंवा डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असेल तर घरी करू नका. चक्कर येताना बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : शेजारची गाडी सुटली की आपलीच निघाल्यासारखं का वाटतं? (वाचक, कल्याण)

उत्तर : आतल्या कानाला फक्त वेगातला बदल कळतो. अगदी हळू सुटणारी गाडी आणि उभी गाडी त्याला सारखीच, म्हणून मेंदू डोळ्यांचं ऐकतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८७५ मध्येच यावर लिहिलं होतं. फलाटाच्या खांबाकडे नजर वळवा, भास तिथेच मोडतो.