मैत्रिणीला खरं सांगू की गप्प बसू?

प्रश्न: आमच्या प्रार्थना ग्रुपमधली माझी एक जवळची मैत्रीण नवऱ्याला चारचौघात घालूनपाडून बोलते, तो बिचारा मान खाली घालून बसतो. मागे तिनेच मला विचारलं होतं, "मी त्याला जास्त बोलते का गं?" तर मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. आणि नंतर ग्रुपमधल्या दोघींना सगळं सांगितलं, प्रार्थनेसाठी म्हणून. आता मनाला लागून राहिलंय. खरं बोलले तर ती दुखावणार, नाही बोलले तर तो खोटेपणा. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या दोघींबद्दल बोलूया, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. प्रार्थनेसाठी सांगते असं म्हणून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जेवढी कुजबुज चालते तेवढी उघड निंदा पण होत नसेल. बायबलमध्ये मत्तय 18:15 मध्ये प्रभू येशूने क्रम अगदी स्पष्ट सांगितलाय, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जा, फक्त तो आणि तू असताना बोल, त्याने ऐकलं तर तुझा भाऊ तुला मिळाला. एकदोघांना सोबत न्यायचं ते त्यानंतर, त्याने ऐकलंच नाही तर. तुमच्याकडून हा क्रम उलटा झाला, साक्षीदार आधी गोळा झाले आणि मैत्रिणीला अजून पत्ताच नाही. त्या दोघींना जाऊन सांगा की हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, इथेच थांबवूया.

राहिलं दुखावण्याचं. दुखावेल ती, थोडी तरी दुखावेलच. नीतिसूत्रे 27:6 मध्ये मित्राने केलेली जखम विश्वासाची म्हटलीय आणि शत्रूची चुंबनं फसवी. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल प्रीतीने सत्य बोला म्हणतो, थोडं पुढे लबाडी सोडून शेजाऱ्याशी खरं बोला म्हणतो आणि 29व्या वचनात परत सांगतो की कुजकं काही तोंडातून निघू नये, ऐकणाऱ्याची गरज बघून त्याची उभारणी होईल असंच बोला. म्हणजे अर्धं सत्य आणि अर्धी माया असा हिशोब नाहीच, पूर्ण खरं सांगायचं पण तिच्या भल्यासाठी, आपल्या मनातली भडास काढायला नाही.

मला यात नाथान संदेष्टा फार मोठा वाटतो. दावीद राजाने उरीयाला मारवलं, त्याच्या बायकोला, बथशेबेला, आपली बायको केलं, तेव्हा नाथान सरळ राजासमोर गेला, गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, दावीद त्या श्रीमंतावर चिडला तेव्हा म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. एवढं बोलून तो दूर निघून गेला नाही हं, दावीद म्हातारा झाला तेव्हाही त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या राज्यासाठी धावपळ करायला हाच नाथान होता. आणि 1 इतिहास 3:5 वाचा, दावीद आणि बथशेबेच्या एका मुलाचं नाव नाथान आहे. संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं तिथे लिहिलेलं नाही, पण मला ते वाचून दरवेळी भरून येतं.

तुमचं काम तर त्याच्यापेक्षा सोपंय कारण तिने स्वतःच विचारलं होतं. एकटीला भेटा आणि म्हणा, "तू त्या दिवशी विचारलंस तेव्हा मी खरं बोलले नाही, मला भीती वाटली, पण हो, तू त्यांना फार लागेल असं बोलतेस." एखादा प्रसंग सांगा, दहा नको. मग गप्प बसा आणि तिचं ऐका, घरात काय चाललंय ते तुम्हाला तरी कुठे पूर्ण माहितीये. ती रागावून काही दिवस बोलली नाही तरी फोन तुम्हीच करा.