स्टोव्ह बदलायच्या आधी धूर नेमका कधी येतो ते बघा

तुम्ही लिहिलंय की लाकडाचा स्टोव्ह पेटवला की सुरुवातीला खोलीभर धूर होतो, मग जरा कमी होतो, पण लाकूड टाकायला दार उघडलं की परत लोट बाहेर, चिमणी गेल्या सीझनला साफ करून घेतली आहे, तर आता नवीन स्टोव्हच घ्यावा का. माझ्या मते अजिबात घाई करू नका. मी बरीच वर्षं लाकडाचा स्टोव्ह वापरतोय आणि धुराची तक्रार निघाली की लोक पहिलं बोट स्टोव्हकडे दाखवतात, पण धूर ओढायचं काम स्टोव्ह करतच नाही, ते चिमणी करते. आतली गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते आणि तिच्या मागे खोलीतली हवा आत ओढली जाते, बस, एवढाच खेळ. आणि ही ओढ म्हणजे साधारण 10 ते 25 पास्कलचा दाबाचा फरक, म्हणजे एक ते अडीच मिलिमीटर उंच पाण्याचा दाब. इतकी नाजूक गोष्ट बिघडायला फार काही लागत नाही.

पेटवतानाचा धूर आधी घेऊ. चिमणी बाहेरच्या भिंतीवरून गेली असेल तर ती थंड पडते, आत गार हवा साचून बसते आणि कधीकधी ती उलटी खाली उतरत असते. हे तपासायला काही विकत आणायला नको, पेटवायच्या आधी स्टोव्हचं दार उघडा, काडेपेटीची काडी ओढून विझवा आणि तिचा धूर दाराच्या तोंडाशी धरा. आत गेला तर ठीक, तुमच्या तोंडावर आला तर त्या क्षणी पेटवायचंच नाही. त्याच मजल्यावरची, शक्यतो वारा येतो त्या बाजूची खिडकी थोडी उघडा, पाच मिनिटं थांबा आणि परत काडी धरून बघा. आता धूर आत वळला तर दोष घराचा आहे, चिमणीचा नाही. घर घट्ट बंद आहे आणि कुठला तरी फॅन हवा बाहेर फेकतोय. किचनची चिमणी (म्हणजे गॅसवरचा हूड), बाथरूमचा एक्झॉस्ट, कपडे वाळवायचं मशीन, हे सगळे त्यात आले. हूड तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर काढतो आणि स्टोव्हला लागते त्याच्या मानाने अगदी थोडी, त्यामुळे कोण जिंकणार ते उघड आहे. आणि एक चूक सगळेच करतात, धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात. त्याने प्रकरण अजून बिघडतं, कारण घरातली गरम हवा वरून निघून जाते, अख्खं घरच चिमणीसारखं ओढायला लागतं आणि खालच्या स्टोव्हमधून धूर खेचून घेतं.

खिडकी उघडूनही काडीचा धूर वळला नाही तर मात्र चिमणी गरम करावी लागेल. कागद सैल पिळून पेटवा आणि पाइपच्या तोंडाजवळ धरा, किंवा हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं आत फिरवा. मग विस्तव वरून लावा, म्हणजे जाड लाकडं तळाशी, त्यावर मध्यम, त्यावर बारीक ढलप्या आणि सगळ्यात वर कागद. ऐकायला उलटं वाटतं पण ज्वाळ पाइपजवळ असल्यामुळे चिमणी लगेच तापते.

आता "साफ केली आहे" याबद्दल. वरून ब्रश मारला असेल तर ती सगळी काजळी खाली येऊन बॅफलवर, म्हणजे भट्टीच्या छताला जी आडवी प्लेट असते तिच्यावर, साचून बसते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॅफल काढून हात घालून बघाच. आणि चिमणीच्या वरच्या टोपीला जाळी असेल तर ती उतरवून हातात घ्या, पाइप स्वच्छ असताना फक्त जाळीची भोकं काळ्या चिकट थराने बुजलेली मी पाहिली आहेत, समोर धरली तर पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

तो थर बहुतेक वेळा ओल्या लाकडाचा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आपल्याला 20 टक्क्यांच्या खाली हवं. मीटरने मोजणार असाल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, बाहेरून ते बहुतेक वेळा जास्त कोरडं दाखवतं. जळताना टोकातून फेस येत असेल, सूं सूं आवाज होत असेल, काच काळी पडत असेल तर मीटरचीही गरज नाही. बरीच उष्णता पाणी उकळण्यात गेली की चिमणीत जाणारा धूर थंडच, मग ओढ कुठून येणार.

दार उघडायचंही तंत्र आहे. ज्वाळा असताना नाही, निखारे झाल्यावर लाकूड टाका. आधी हवेची झडप आणि पाइपमधला डँपर (धुराची वाट कमी-जास्त करणारी फिरती चकती) पूर्ण उघडा, दार बोटभर उघडून अर्धा मिनिट थांबा, मग सावकाश पूर्ण उघडा. झटक्यात उघडलं तर चांगला स्टोव्हसुद्धा धूर ओकतो.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर पाइपच्या मांडणीकडे बघा. काटकोनाचे दोनपेक्षा जास्त एल्बो नकोत, आडवा पाइप कमीत कमी, त्यालाही दर फुटाला पाव इंच चढ. चिमणी छतातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा 2 फूट उंच हवी. 6 इंची पाइप जुन्या रुंद विटांच्या चिमणीत सोडला असेल तर धूर तिथे पसरून गार होतो, त्यात वरपर्यंत लायनर (म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा अखंड पाइप) घालावा लागतो. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा, बाकीचं नंतर. धूर निदान दिसतो तरी, हा वायू दिसत नाही, वासही नाही, आणि रात्री निखारे विझत आले, चिमणी गार झाली की तोच घरात येतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर या.

काडीची टेस्ट हूड बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा करा आणि काय झालं ते लिहा. चिमणी बाहेरच्या भिंतीवर आहे की घरातून वर जाते आणि पाइपला किती एल्बो आहेत तेही सांगा, मग पुढचं बोलता येईल.