जुनी जपानी डावखुरी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करून उजव्या हाताची करता येईल का?

येईल. पण करू नका.

काकांची १९८५ च्या सुमाराची फेंडर जपान कंपनीची डावखुरी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) माळ्यावर सापडली, तुम्ही उजवे, आणि ‘फक्त तारा उलट्या लावून’ ती वाजवायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘फक्त’मुळे मी हे लिहायला बसलोय.

तारा उलटवल्या की नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, नवी कापावी लागते, कारण जाड ईच्या खाचेत बारीक ई खडखडणारच. नेकच्या कडेचे जागा ओळखायचे ठिपके तुमच्याकडे नाही, जमिनीकडे बघतात. वरच्या फ्रेट्सवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, हात न्यायला गेलात की बॉडीचं लांब हॉर्न (शिंगासारखं टोक) आडवं येतं. नॉब्ज कोपराखाली. म्हणजे पैसे खर्चून एक चांगली डावखुरी गिटार बाद होणार आणि उजवी मिळणारच नाही.

मी स्वतः डावखुरा. नैवेद्याचं ताट डाव्या हाताने उचललं म्हणून घरी ऐकून झालं होतंच, पुढे पुण्यात गिटार क्लासला गेलो तर तिथेही तेच. सर म्हणाले, “दोन्ही हात लागतातच ना? मग उजव्यानेच शीक, सगळ्या गिटारी तशाच मिळतात.” शिकलो. कॉर्ड्स बसल्या, पण स्ट्रमिंग लंगडंच राहिलं. ताल धरतो तो छेडणारा हात, आणि माझा तो हात फ्रेटबोर्ड आवळत बसला होता. सरांना हे कधीच पटलं नाही.

पुढे कंपनीच्या कामाने नागोयात होतो. तिथल्या एका सेकंडहँड दुकानात ‘जंक’च्या फळीवर, म्हणजे गॅरंटी नाही आणि परतही घेणार नाही असा माल असतो तिथे, एक डावखुरी स्ट्रॅट उभी होती. नेकवर ई ने सुरू होणारा सहा आकडी नंबर. फेंडर जपान सुरू झाली १९८२ साली, आणि हे ई नंबर साधारण १९८४ ते ८७ चे, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या गिटारींचे. तुमचीही बहुधा त्यातलीच. आवाज येत नव्हता, सॅडल्सचे, म्हणजे तारांखालच्या टेकूंचे, स्क्रू गंजलेले. घेतली.

पुण्यात आणून एका कारागिराकडे दिली. त्याने साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावून पिकगार्डच्या (बॉडीवरच्या प्लेटच्या) दोन स्क्रूंची डोकी खाल्ली आणि वर मलाच सांगितलं, “जपानी माल मऊ असतो.” माल मऊ नसतो हो! जपानी स्क्रूची फुली जिस (JIS, जपानी औद्योगिक मानक) मापाची असते. दिसते फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की उसळतं आणि फुलीचा खड्डा होतो. काही स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी बारीकसा ठिपका असतो, ती जिसची खूण. जिसचा स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन सहज मिळतो. तुमच्या गिटारीला हात लावण्याआधी तो मागवा, बाकीचं नंतर.

याच गृहस्थांना आतले पॉट, म्हणजे नॉब्जखालचे आवाज कमीजास्त करणारे भाग, काढून अमेरिकन घालायचे होते. अमेरिकन पॉटची मान ३/८ इंची, जपानीची मेट्रिक आणि बारीक. म्हणजे पिकगार्डची भोकं मोठी करा, नॉब्जही बदला. गिटार उचलली आणि घरी आणली. पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब्ज भरपूर फिरवले, जॅकची सुटलेली वायर डागली, आवाज आला. एक गोष्ट मात्र बदलली. डावखुऱ्यासाठी व्हॉल्यूम उलटा फिरावा म्हणून कुणीतरी साध्या ए टेपर (लॉग) पॉटच्या कडेच्या वायरी अदलाबदल केल्या होत्या. तसं केलं की शून्यावरून तीनवर येईपर्यंत सगळा आवाज अंगावर येतो आणि पुढे पाचपासून दहापर्यंत नॉब नुसताच फिरतो. तिथे सी टेपर, म्हणजे रिव्हर्स लॉग पॉट लागतो. त्याच मापाचा जपानी घातला, जुना पिशवीत घालून केसमध्ये ठेवलाय.

सरांना गिटार दाखवली. त्यांचं ठरलेलं उत्तर: “हेंड्रिक्सने उजवी उलटी करून वाजवलीच ना?” जिमी हेंड्रिक्स, तो प्रसिद्ध डावखुरा गिटारवादक. वाजवली, पण तारा डावखुऱ्यासारख्या बदलून, आणि छेडायची डाव्याच हाताने! ब्लूजवाला अल्बर्ट किंग तर तारा न बदलताच उलटी वाजवायचा, पण छेडणारा हात त्याचाही डावाच. उजव्याने शीक असं या दोघांच्या उदाहरणावरून कसं काय निघतं, ते सरांनी अजून सांगितलेलं नाही.

खर्चाचं विचारलंत. सफाई, सोल्डरिंग, सेटअप यात फार जात नाही; पैसा फ्रेट्सना जातो. ते घासून सरळ होण्याइतके उरलेत की सगळे नवे टाकावे लागतील, हे नेक हातात घेतल्याशिवाय कुणी सांगू नये. रंगाला हात लावू नका, काकांच्या हाताने उडालेला असला तरी. ट्रस रॉड (नेकमधली ताण देणारी सळई) अडला तर जबरदस्ती नको. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल ठेवा.

आणि हो, नेक आधीच पिळलेली असेल किंवा कुणी बॉडी कोरून ठेवली असेल, तर माझे वरचे सगळे नियम शिथिल, हवं ते करा. पण धड असेल आणि वाजवायची नसेल, तर डावखुऱ्या माणसाला विका. मला मेसेज केलात तरी चालेल. सिरियल नंबरचा आणि फ्रेट्सचा जवळून काढलेला फोटो पाठवा.