१९५७ : आण्यांचे नवे पैसे करताना

तुम्ही १९५७ सालच्या भारतातल्या घडामोडींचा तक्ता करताय आणि दशमान नाणी १९५५ला घालायची की १९५७ला, असं विचारलंय. कायदा १९५५चा, पण अंमल १ एप्रिल १९५७पासून. तक्त्यात अंमलाचीच तारीख धरा; गिऱ्हाइकाच्या हातातला हिशोब बदलला तो त्या दिवशी. (गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, तिथे हे लागू नाही.)

त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. नंतर रुपयाचे १०० नवे पैसे, म्हणजे आणा सव्वासहाचा. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा. म्हणून आणा ६, चवली (दोन आणे) १२, तीन आणे १९, पावली (चार आणे) २५, सहा आणे ३७. सहा आण्यांचे ३८ करू नका, ते चूक आहे. आणि जुन्या बिलातल्या एकूण रकमेचं एकदाच रूपांतर करा. आण्याच्या चार वस्तू सुट्या धरल्या तर २४, एकत्र २५. तीन आण्यांच्या चार वस्तूंचं उलट, सुट्या ७६, एकत्र ७५. लोक गोंधळू नयेत म्हणून एक पैशाच्या नाण्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं छापलं होतं. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ला गेला, त्यानंतर नुसतं पैसे लिहा.

राष्ट्रीय दिनदर्शिकाही याच वर्षीची: २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र शके १८७९. मेघनाद साहा समितीची ही शिफारस. हा चैत्र सौर आहे, दरवर्षी २२ मार्चला (लीप वर्षी २१ला) सुरू होतो. पाडवा चंद्रावर चालतो. शकाचा आकडा सारखा दिसतो म्हणून दोन्ही चैत्र एक समजले की सगळ्या तारखा घसरतात.

बाकी नोंदी थोडक्यात. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ३७१ जागा. ५ एप्रिलला केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट मंत्रिमंडळ. ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण, तेही संयुक्त महाराष्ट्र समितीची निदर्शनं चालू असताना. ही दुसरी बाजू नोंदीतून गाळू नका. मुंदडा प्रकरण (आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांचा घोटाळा) फिरोज गांधींनी लोकसभेत डिसेंबरात मांडलं, पण छागला आयोगाची चौकशी आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींचा राजीनामा १९५८चा, तो पुढच्या पानावर घ्या.