नोकरी सोडून छोटा कारखाना सुरू करावा का? अडचणी काय येतात आणि वाढायला वाव आहे का?

पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवून देतो. तीन सीएनसी (संगणकावर चालणारी लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), नऊ माणसं. तुम्ही दोन मशीन कर्जावर घेऊन सुरुवात करायची म्हणताय, म्हणून माझ्या धंद्यापुरतं सांगतो.

काम मिळत नाही ही मोठी अडचण नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मापात आणि वेळेवर माल देणाऱ्याला काम मिळतं. चांगला ऑपरेटर टिकवणं अवघड आहे, भाडं आणि वीजबिल वाढत राहतं, पण हे सगळं थोडंफार दरात बसवता येतं. उधारी बसवता येत नाही.

हिशोब बघा. माल गेला, बिल गेलं. त्या बिलावरचा जीएसटी मला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. पगार 7 तारखेला, मशीनचा हप्ता 10 तारखेला, इन्सर्टवाला (मशीनच्या कटिंग टूलची पाती विकणारा) रोख मागतो. आणि पार्टी पैसे सोडते 90 दिवसांनी, कधी 120. मधला खड्डा सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून भरायचा, व्याज आपल्या खिशातून. काही वर्षांपूर्वी माझे 14 लाख एकाच कंपनीकडे अडकले. तिन्ही पाळ्या चालू होत्या आणि पोरांच्या पगाराला मी मेव्हण्याकडून पैसे आणले. ते अजून विसरलो नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. पण निम्म्याहून जास्त काम ज्याच्याकडून येतं त्याच्यावर तक्रार कोण करणार? मी केली नाही.

फरक पडला तो आयकरातल्या बदलाने. 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. त्या मार्चमध्ये पहिल्यांदाच अकाउंट्सवाल्यांचा स्वतःहून फोन आला, 'तुमचं बाकी किती?' दुसऱ्या एका पार्टीने मात्र हा नियम टाळायला माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करायला सांगितलं. मी नाही म्हणालो. ते काम गेलं, एक मशीन दोन महिने बंद राहिलं. तरीही तो निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं.

आता वाढीचं. वाव नक्की आहे, पण कुठल्या कामात ते बघा. माझं निम्मं काम इंजिनाच्या भागांचं होतं आणि विजेच्या गाडीत इंजिनच नाही. म्हणून मी हळूहळू पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या भागांकडे वळलो. दर थोडा कमी, पण पार्ट्या जास्त आणि एकावर भार नाही. मोठी पार्टी मिळाली तर 'ट्रेड्स' या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर बिल स्वीकारणार का, हे आधीच विचारा. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत येतात आणि पुढे कंपनीने बुडवले तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी करून बिलं न टाकणाऱ्याही असतात, म्हणून विचारायचं.

दोन मशीनऐवजी एकच घ्या. दुसऱ्या मशीनसाठी स्वतःचे घालायचे मार्जिनचे पैसे चार महिन्यांच्या पगाराला आणि भाड्याला बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी करा, नंतर केली तर आधीच्या बिलांना तिचा आधार मिळेलच असं नाही. पीओवर (खरेदीच्या लेखी ऑर्डरवर) पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या.

जागा बघायला भोसरीत येणार असाल तर गुरुवार सोडून या, त्या दिवशी इथे सुट्टी असते.